गमबूट, खेकडा आणि माझे दोन पाय

माझ्या डाव्या पायाचा अंगठा खेकड्याने धरला आहे, ही बातमी मला दुसऱ्यांकडून कळली.

साजगावच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे सुरक्षेची देखरेख केली. पाळी सुटेपर्यंत पायातला बूट काढायचा नाही, हा नियम मी इतरांना शिकवला आणि स्वतः पाळला. निवृत्तीनंतर गावाकडची आमची चार खाचरे स्वतः लावायची, असे मी ठरवले. पत्नीने एकच अट घातली : आवणी, म्हणजे भाताची लावणी, अर्धवट टाकून मी अंथरूण धरले, तर पुढल्या वर्षी शेत पुतण्याकडे जाईल. पुतण्या माझ्यापेक्षा चांगले भात लावतो. म्हणूनच मला ते नको होते.

आवणीला येणाऱ्या बायकांची म्होरकी जनाबाई. तिच्यासह साऱ्या जणी अनवाणी चिखलात उतरल्या. मी दुहेरी मोजे आणि गुडघ्याएवढे गमबूट घालून उतरलो. वाकले की बुटात पाणी शिरे. त्यावर उपाय म्हणून मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि बुटांची तोंडे पिंढरीशी करकचून आवळली. (पाणी तोवर आत गेलेले होते. आता ते बाहेर येऊ शकत नव्हते, एवढाच फरक पडला.)

दुपारी बायका बांधावर बसून पाय धूत, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करीत आणि करंजाचे तेल लावीत. हा वेळकाढूपणा आहे, असे माझे मत होते व ते मी बोलून दाखवले. जनाबाईने उलट मलाच बूट काढून पायांना वारा लावायला सुचवले. पाळी सुटल्यावर, असे मी तिला कळवले.

पहिल्या संध्याकाळी बुटांतून दोन पांढरेफटक, सुरकुतलेले पाय निघाले. ते माझेच आहेत, याची मी खात्री करून घेतली. दुसऱ्या संध्याकाळी त्यांवर निळसर झाक होती. मला भीतीपेक्षा कुतूहलच अधिक वाटले. पत्नीची पाठ वळताच मी अंगठ्याला सेफ्टी पिन टोचून पाहिली. काहीही जाणवले नाही. अर्थात पाय कणखर होत आहेत, असा निष्कर्ष काढून मी त्यांवर चादर ओढली.

तिसऱ्या दिवशी एक पट्टी तुटली.

"अण्णा," जनाबाई मागून म्हणाली, "तुमचा बूट मागं राह्यला."

"कुठला?" मी विचारले.

दोन पाय असलेल्या माणसाने विचारावा, असा हा प्रश्न नव्हता. साऱ्या बायका लावणी थांबवून माझ्याकडे पाहू लागल्या.

"आनि पायाला खेकडा हाय," जनाबाईने भर घातली.

मी पाय वर उचलला. खेकडा चांगला थोराड होता आणि बिचारा सगळी ताकद पणाला लावत होता. त्यातले काहीच माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते. जनाबाईने तो सोडवला, स्वतःच्या डब्यात टाकला (तिच्या कालवणाची सोय झाली) आणि मला बांधावर बसवले. घरी जाऊन शेगडीवर पाय शेकतो, म्हणजे उद्या कामाला येता येईल, असे मी म्हणालो.

"कळत नाय त्या पायाला इस्तव दावू नका," ती म्हणाली. "भाजला तरी तुमाला आमीच सांगायचं काय?"

पत्नीने मला रिक्षात घालून कर्जतला नेले. तिथली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. तिने माझे पाय अशा आदराने न्याहाळले, की मलाही थोडा अभिमान वाटला. तासन् तास ओले आणि आवळलेले राहिले, की पायांचा रक्तपुरवठा तुटतो व नसा बधिर होतात; त्याला बर्फाची थंडीच लागते असे नाही, असे तिने समजावले. पूर्वी युद्धात खंदकात उभ्या राहणाऱ्या सैनिकांना हे होत असे.

"आजोबा, तुम्ही कुठल्या खंदकात होता?"

"स्वतःच्या बुटात," पत्नी म्हणाली.

उपाय साधे होते. पाय स्वच्छ धुऊन टिपून कोरडे करायचे, चोळायचे नाहीत, शेकायचे नाहीत; उशांवर उंच ठेवून हळूहळू ऊब येऊ द्यायची. फोड आले किंवा रंग काळवंडला, तर त्याच दिवशी यायचे. पुन्हा होऊ नये म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाय उघडे करून वाळवायचे आणि कोरडे मोजे घालायचे. हे सर्व मी बांधावर रोज फुकट पाहत होतो.

ऊब येताच संवेदना परतली आणि तिने तीन दिवसांची थकबाकी एकदम वसूल केली. मी पडवीत दोन उशांवर पाय ठेवून कण्हत असताना पत्नी आणि जनाबाई यांनी उरलेली खाचरे लावून टाकली.

अंथरूण मी धरले होते, यात वाद नव्हता. तरीही शेत पुतण्याकडे गेले नाही. पत्नीने ते स्वतःकडे घेतले. यंदाच्या आवणीत मला काम दिले आहे : दुपारी बायका वर आल्या, की कोरडी फडकी आणि तेलाची बाटली घेऊन बांधावर हजर राहणे. जनाबाईचे मत अनुकूल आहे. ती पत्नीला म्हणाली, "मानूस बरा हाय गं. शिकला तं पुढं-मागं आवनीला घेऊ."