बाहेर हाक मारायची नाही

पप्पा जालन्यात गुन्हे शाखेत होते. तपासाचं काम साध्या वेशात, म्हणून आमच्या घरात एक नियम होता : बाहेर कुठे ते दिसले तर हाक मारायची नाही, ओळखही दाखवायची नाही. मला तो जड गेला नाही. इंग्रजी शाळेत मी तशीही कुणाशी फार बोलत नसे.

सहावीत असताना आईबरोबर बाजारात गेले होते. रसवंतीच्या बाकावर पप्पा बसलेले. मळका शर्ट, दाढी वाढलेली. आईने माझा हात घट्ट धरला आणि कोथिंबीर निवडत राहिली. घरी आल्यावर ते म्हणाले, "बिलकुल बघितलं न्हाईस माझ्याकडं!"

"मंग? तसल्या माणसाकडं कोन बघतंय?" आई म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली.

मी कॉलेजात गेले तरी नियम तोच होता. एकदा मैत्रिणीकडून परत येताना घनसावंगीला जीपमध्ये बसले. मागून दोन माणसं चढली आणि त्यांच्यामागे पप्पा. ते माझ्या समोरच बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. आठवडाभर घरी आले नव्हते. गालफडं बसली होती. मी बाहेरच्या उसाकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, ओढणी बाहेर लोंबतीय. चाकात जाईल."

मी ती आत ओढली. "थँक्यू, काका."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पुढच्या फाट्यावर ती दोघं उतरली. पप्पाही उतरले. मी मागे वळून पाहिलं नाही. नियम चोख पाळला याचा मला अभिमान वाटत होता.

चार दिवसांनी आरोपीला पकडताना त्यांच्यावर चाकूचे वार झाले, त्यातच ते गेले. मधल्या दिवसांत ते घरी आलेच नव्हते.

पोलीस मुख्यालयाच्या मैदानात फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. सगळं गाव लोटलं होतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "आता मार हाक. आता कुनी बी बघू दे."

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. इतक्या वर्षांची सवय होती, आणि समोर इतकी माणसं.

गाडी सुरू झाली. एका हाराचं टोक खाली चाकाकडे लोंबत होतं. मी पुढे झाले, ते उचलून आत ठेवलं.

"पप्पा," मी म्हणाले, "चाकात गेलं असतं."