बंद मोटरीचा आवाज

विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. मोताळ्याच्या आसपासच्या शिवारात माझ्या हातांपेक्षा माझ्या कानाचं नाव जास्त. चालू मोटरीच्या बेरिंगवर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं ऐकू येतं. ही विद्या बाबांची. त्यांनी आणखी एक शिकवलं होतं. दोष कितीही मोठा असो, मालकाला एकदम घाबरवायचं नाही. आधी म्हणायचं, "काही नाई भाऊ, एकदा खोलून पाहू."

गेल्या हिवाळ्यात, हरभऱ्याला पाणी सुरू असताना, मला एका मोटरीत ठोका ऐकू आला. ठप्, ठप्, सावकाश. बेरिंग गेली की घरघरते, अशी चालीत ठोकत नाही. शाफ्ट हलत असेल म्हणून मोटर खोलली. आत सगळं ठणठणीत. मालकाचं ओलित दोन दिवस खोळंबलं ते वेगळंच. आठवड्यात दुसऱ्या विहिरीवर तोच ठोका. पुन्हा खोलली, पुन्हा काही नाही. मी विजेला शिव्या घातल्या, मोटरी बनवणाऱ्यांना घातल्या. स्वतःवर यायला मला नेहमीच वेळ लागतो.

तिसरी मोटर रोहिणखेडच्या रस्त्याला, एका चाचांच्या विहिरीवर. चाचा बाबांच्या वयाचे, त्यांच्या बैठकीतले. पेचकस लावला, तर ठोका होताच.

"काय म्हन्ते मिस्त्री?" चाचांनी विचारलं.

"शाफ्ट ठोकून राह्यला चाचा," मी म्हणालो, आणि तेवढ्यात लाइन गेली. मोटर घुमत घुमत थांबली. पाइपातून पडणारं पाणी थांबलं. ठोका थांबला नाही.

मी पेचकस बाजूला केला. ठप्, ठप्. उजव्या कानात. मानेवर बोट ठेवलं, तर बोटाखाली तीच चाल.

चाचा हसत होते. "तुहे बाबाबी शेवटी शेवटी असंच म्हनत. जे मोटर पाहो, ते ठोकते."

हे मला ठाऊक होतं आणि मी सोयीने विसरलो होतो. शेवटच्या वर्षी बाबा चांगल्या चांगल्या मोटरी खोलायला लागले होते. बुढा सठियावला, असं लोक मागे बोलत. मला लाज वाटायची. एक दिवस चारचौघांत मी त्यांच्या हातातला पेचकस काढून घेतला. "बाबा, बस झालं. तुमचा कान गेला. घरी बसा आता."

"आवाज येते बे मले," ते म्हणाले. एवढंच.

उन्हाळा लागायच्या आत ते अंगणात हात धुता धुता पडले. डोक्यातली नस फुटली, असं सांगितलं गेलं. त्यांचा कान गेला नव्हता. तो बरोबर ऐकत होता, मीच ऐकून घेतलं नाही. आणि हा पेचकस त्यांचाच.

बायकोला मी आठ दिवस काही सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मोटरी चालू असल्या की त्यांच्या आवाजात ठोका बुडे, बरं वाटे; लाइन गेली की तो पुन्हा असायचाच. शेवटी तिनंच ओळखलं, जेवताना मी मान वाकडी करून बसतो म्हणून, आणि मला बुलढाण्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी लावून कान पाहिला. मग छाती तपासायची नळी माझ्या कानामागे टेकवली, बरोबर मी पेचकसाची मूठ लावतो तिथे, आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. नळी मानेवर सरकवली, पुन्हा वर आणली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. तीस वर्षं विहिरीच्या काठावर मी तेच तोंड करत आलो आहे.

"काही नाही," ते म्हणाले. "एकदा डोक्याचा फोटो काढून पाहू. आजच काढू."

बायकोचा जीव भांड्यात पडला. "ऐकलं ना? काही नाई म्हन्तेत डॉक्टर."

"हाव," मी म्हणालो.