बी-टूच्या पुढे जाईना

मुलुंडच्या एका स्कॅन सेंटरमधले संगणक मी सांभाळतो. अकरा संगणक आणि एक सर्व्हर. एखादा संगणक बिघडला तर एक खुर्ची अडते. सर्व्हर बिघडला तर सगळं सेंटर अडतं, कारण काढलेल्या प्रत्येक स्कॅनची चित्रं त्याच्यातच साठवलेली असतात. हा सर्व्हर वर्षातून एकदाच बंद होतो, खंडेनवमीला. त्या दिवशी मी तो उघडतो, ब्लोअरने धूळ उडवतो, चारही डिस्क बाहेर काढून त्यांचे खण पुसतो. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, अक्षता. पूजा मीच करतो. वडील गिरणीत फिटर होते, ते आपल्या पान्यांची पूजा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. दसऱ्याला सेंटर बंद असतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला येऊन मी बटण दाबतो.

गेल्या वर्षी बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला.

झाकण काढून पाहिलं. त्या मदरबोर्डच्या कोपऱ्यात नखाएवढा लाल आकडा दिसतो. सुरू होताना बोर्ड एकेक काम उरकत जातो आणि चालू कामाचा क्रमांक तिथे दाखवतो. सगळी कामं झाली की आकडा विझतो. आमचा आकडा बी-टूवर आला आणि तिथेच थांबला. एरवी तिथे तो तीन-चार सेकंद असतो. मी घड्याळ लावून दहा मिनिटं पाहिलं. बी-टू म्हणजे बोर्डाला जोडलेल्या कार्डांची ओळख पटवण्याचं काम, एवढं पुस्तिकेत होतं. कोणतं कार्ड आणि का, हे पुस्तिका सांगत नाही.

सव्वानऊला डॉक्टरबाई आल्या. सेंटर त्यांचंच. स्कॅन बघून रिपोर्ट त्याच देतात. त्यांच्या मागोमाग एक वयस्क जोडपं आत आलं. भांडुपहून आलेले, बोलण्यावरून मालवणकडचे. नव्या स्कॅनमध्ये नवऱ्याच्या छातीत गाठ दिसली होती, ती चित्रं त्यांनी पेनड्राइव्हवर आणली होती. मोठ्या हॉस्पिटलात आज संध्याकाळी भरती, उद्या सकाळी फुप्फुसाचा तुकडा कापून काढायचा. पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे स्कॅन केला होता आणि त्या रिपोर्टमध्ये 'लहानसा ठिपका' एवढाच उल्लेख होता, मापाशिवाय. सर्जनचं म्हणणं, ते जुनं चित्र दाखवा. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर कापायची गरज नाही. एक वाजेपर्यंत कळवा, नाहीतर ठरलंय तसं करू.

"तुम्हाला तेव्हा सीडी दिली होती ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

जोडप्यातल्या बाईंनी पिशवीतून सीडी काढली. तिच्या मधल्या भोकात अजून सुतळी होती. उन्हाने सीडी पांढुरकी पडली होती. "कबुतरं लय त्रास देतात हो. गॅलरीच्या ग्रिलला बांधली होती. आम्हाला काय माहीत, परत लागेल म्हणून."

"कबुतरां भियली नाय," नवरा म्हणाला, "आता आमी भियतव."

"गप रवा ओ तुमी."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बॅकअप?"

"वर्षभराचा आहे. त्याआधीचं फक्त सर्व्हरवर."

ही व्यवस्था चार वर्षांपूर्वी मीच मान्य केली होती.

नऊ चाळीसला कामाला लागलो. माझी पद्धत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, मग बटण दाबायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही. पण एकेका प्रयत्नाला आठ-नऊ मिनिटं लागत होती. पहिला, सगळी वीज काढून थांबलो. बी-टू. दुसरा, बोर्डावरची बटणासारखी बॅटरी बदलली. बी-टू. तिसरा, नेटवर्कचं जादा कार्ड काढलं. बी-टू. चौथा आणि पाचवा, मेमरीच्या आठ पट्ट्यांपैकी आधी चार काढल्या, मग त्या लावून उरलेल्या चार काढल्या. ब्लोअरच्या झोताने एखादी सैल झाली असेल असं वाटलं होतं. दोन्ही वेळा बी-टू. मग पट्ट्या दोन-दोनच्या जोडीने लावून आणखी चार वेळा पाहिलं, तरी बी-टू.

दारात बाई उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही.

"झालं का हो?"

"नाही अजून."

"किती वाजेपर्यंत होईल?"

मला खोटं सांगता येत नाही. "सांगता येत नाही," म्हणालो. त्या आत गेल्या. आतून नवऱ्याचा आवाज आला, "तेका त्याचा काम करूंक दी गो."

सव्वाअकराला डॉक्टरबाई परत आल्या. "त्या डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा ना."

"एकेक चित्र चार डिस्कवर तुकड्यांनी लिहिलेलं असतं. कुठला तुकडा कुठे, ते फक्त हे कार्ड जाणतं." मी डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर बोट ठेवलं. ते काढून बघायचं मी टाळत होतो. "सुटी डिस्क लावली तर हाती काही लागणार नाही. आणि दुसऱ्या मशीनने तिच्यावर एखादी ओळ जरी लिहिली, तरी आहे तेही जाईल."

"म्हणजे वाट लागेल."

"हो."

"मग काय करायचं?"

एकच मार्ग उरला होता आणि तो मला नको होता. चारही डिस्क बाहेर काढून बोर्ड रिकामा चालवून बघायचा. भीती अशी की डिस्क दिसल्या नाहीत तर कार्ड विचारतं, हरवलेल्या डिस्क विसरून पुढे जाऊ का? तिथे चुकीची कळ दाबली गेली तर कार्ड आपल्याकडची मांडणी पुसून टाकू शकतं. हे मी डॉक्टरबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कीबोर्डच काढून ठेवा की."

इतकं साधं मला सुचलं नव्हतं. कीबोर्ड काढून टेबलाखाली ठेवला. मार्करने डिस्कवर एक, दोन, तीन, चार लिहिलं, खणांवरही लिहिलं, मोबाइलवर फोटो काढला. चारही डिस्क बाहेर काढून बटण दाबलं.

आकडे धावले. बी-टू आला आणि चौथ्या सेकंदाला पुढे गेला. मग विझला. पडद्यावर कार्डाचा प्रश्न उमटला. वाचला आणि वीज बंद केली.

बोर्ड ठीक होता. दोन तास मी ठीक असलेल्या बोर्डात चूक शोधत होतो.

अकरा पन्नास. पहिली डिस्क लावली. बी-टूच्या पुढे गेला. वीज बंद. पहिलीसोबत दुसरी. गेला. वीज बंद. तिसरीही लावली. बी-टू. एक मिनिट, दोन मिनिटं, बी-टू.

तिसरी डिस्क काढून हातात घेतली. डिस्कच गेली असेल तर उरलेल्या तिन्हींवरून चित्रं मिळण्याची आशा होती, पण खात्री नव्हती. परत लावण्याआधी मोबाइलचा टॉर्च पेटवून रिकाम्या खणात पाहिलं. अगदी मागे, डिस्कचं टोक जिथे बसतं त्या फटीत काहीतरी लाल होतं. आधी वाटलं वायरचं टोक. मग दिसलं, तांदळाचा दाणा आहे. कुंकू लावलेला.

मी खण पुसले, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि मग डिस्क आत सरकवल्या. याच क्रमाने. दरवर्षी.

प्लास्टिकच्या चिमट्याने दाणा काढला आणि तळहातावर घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. जोडपं तिथेच बसलं होतं.

"अक्षता आहे," मी म्हणालो. "मी टाकलेली. तिच्यामुळे डिस्क पूर्ण आत बसत नव्हती. अर्धवट टेकली होती, म्हणून कार्ड तिची वाट बघत अडकून पडत होतं."

डॉक्टरबाईंनी दाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालू होईल?"

"डिस्क शाबूत असली तर."

"मग इथे काय दाखवत बसलाय?"

बारा एकोणीसला चारही डिस्क आत होत्या. बटण दाबलं. बी-टू आला, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यालाही तोच. सहाव्याला आकडा बदलला. मग विझला. पडद्यावर कार्डाने लिहिलं, चार डिस्क सापडल्या, मांडणी पूर्ण. पुढची चौदा मिनिटं सर्व्हर आपली आपण तयारी करत होता आणि मी त्याला हात लावला नाही. तेवढ्यात दुरुस्तीचा कागद भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'पूजेच्या वेळी देखभाल करणाऱ्याकडून खणात तांदूळ पडला.' खाली सही केली.

बारा सदतीसला डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली, जुनं डावीकडे. जुन्या गाठीवर रेघ ओढली.

"अकरा मिलिमीटर."

नव्या गाठीवर ओढली. "अकरा पूर्णांक दोन."

बाईंनी खुर्चीचा दांडा धरला. मीही त्या दोन दशांशाकडेच बघत होतो.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. परत ओढली. दहा पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा, अकरा. "हा फरक माझ्या हाताचा आहे. गाठ तेवढीच आहे."

त्यांनी सर्जनला फोन लावला. चित्रं पाठवली, मापं इंग्रजीत सांगितली, दोनदा 'येस' म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती.

"उद्याचं ऑपरेशन नको म्हणतायत. सहा महिन्यांनी परत स्कॅन करा."

"म्हणजे गाठ आहेच ना?" बाईंनी विचारलं.

"आहे. पण तीन वर्षांत जागची हललेली नाही."

"माज्यासारकीच," नवरा म्हणाला. "रिटायर झाली आसतली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराने चष्मा पुसला, तो परत लावला, पर्समधून फोन काढला आणि मुलाला म्हणाल्या, "ऐक, उद्याची रजा टाकू नको. नाही रे, काही झालं नाही. काहीच झालं नाही."

मग फोन कानाला तसाच धरून त्या सीडीची सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. पलीकडून मुलगा "आई? आई?" करत होता, ते आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं.