ध्वनिमुद्रित म्हैस

मी एका नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज काढून घेतला आणि त्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं. एका रविवारी गारखेड्यातल्या माझ्या घरी, पंखा बंद करून, मोबाइलवर मी ते काम उरकलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट फार उत्साहात होतो.

करमाडच्या पुढे, जालना रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवतो. शाळा चौथीपर्यंत. संभाजीनगरहून रोज अप-डाउन करणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या केंद्रात माझी ओळख 'उपक्रमशील शिक्षक' अशी आहे. उपक्रमशील म्हणजे ज्याच्या मोबाइलमध्ये वर्गातल्या मुलांपेक्षा मुलांचे फोटो जास्त असतात. फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, वरच्या साहेबांचा अंगठा येईपर्यंत स्क्रीनकडे पाहत बसायचं. हा अंगठा मिळावा म्हणून मी काय काय केलं ते आठवलं की स्वतःची किळस येते.

त्या वर्षी वरून पत्र आलं. सर्जनशील लेखन आणि नाट्य यांतून मुलांची भाषिक कौशल्यं विकसित करायची, आणि मुलांनी स्वतः लिहिलेलं नाटक घेऊन स्पर्धेला यायचं. त्याआधी दोन दिवस प्रशिक्षण झालं. मुलांना बोलतं करा, त्यांना प्रश्न विचारू द्या, हे एक बाई पडद्यावरच्या ओळी वाचून आम्हाला सांगत होत्या. मागून कोणी शंका विचारली की, प्रश्न शेवटी, असं म्हणून त्याला खाली बसवत होत्या. शेवटी जेवणाची वेळ झाली.

मी शाळेत येऊन मुलांना लिहायला बसवलं. 'मी फुलपाखरू बोलतोय' असे निबंध आले. यात मुलांचा काही दोष नव्हता. आदल्याच वर्षी वेरूळच्या सहलीवर सगळ्या वर्गानं अक्षरशः एकच निबंध लिहिला होता, कारण तो मीच फळ्यावर लिहून दिला होता. 'लेणी पाहून आमचे मन भारावून गेले.' एका मुलाला तर गाडी लागली होती, तो खाली उतरलाच नव्हता. त्याचंही मन भारावून गेलं होतं.

वैतागून मी म्हणालो, काल घरात जे बोलणं झालं ते लिहा. चौथीतली एक मुलगी मान खाली घालून लिहीत सुटली. त्यांची म्हैस विकायची होती आणि आदल्या दिवशी व्यापारी बघायला आला होता. त्यानं म्हशीचं तोंड उघडून दात पाहिले, कास चाचपली, शेपटी उचलली आणि म्हैस म्हातारी झालीय म्हणाला. इथपर्यंत घरात घडलेलं. पुढे त्या मुलीनं म्हशीला उत्तर द्यायला लावलं होतं. 'माझे दात काय मोजायलात? पहिलं तुमचे मोजा. तुमचेबी दोन पडलेत की.'

तिनं ते वर्गात वाचून दाखवलं आणि वर्ग खाली लोळला. तिचा आवाज जाड, खणखणीत. मधल्या सुट्टीत ती कोणाला हाक मारायची तेव्हा रस्त्यावरचा माणूस वळून पाहायचा. पुढचे आठ दिवस वर्गात नुसती म्हैस चालली होती. म्हैस ती स्वतः झाली, एकजण व्यापारी झाला, दोघी शेजारणी झाल्या. ज्याला पाढे वाचताना रडू यायचं तो दावं झाला आणि म्हशीला म्हणाला, मला सोडून नको जाऊ. मी आठ दिवस काहीही शिकवलं नाही, आणि मुलं नवे शब्द जोडत होती, खोडत होती, एकमेकांशी भांडून पुन्हा लिहीत होती. जे घडतंय ते चांगलं आहे हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

मग केंद्रप्रमुख आले. आमच्या दहाबारा शाळा तपासणारे साहेब. त्यांनी नाटक पाहिलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मजा आली. पण ही भाषा वर चालायची नाही, सर."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात मी ते नाटक 'शुद्ध' केलं. माझी म्हैस म्हणाली, 'महाशय, माझ्या दंतपंक्तीचे परीक्षण करण्यापूर्वी आपण आरशात पाहावे.' असं बोलणारी म्हैस मराठवाड्यात तर नाहीच, पुण्यातही कोणी पाळत नसेल. शेवटी मी तिच्या तोंडी पशुधन संवर्धनाचा संदेश घातला, कारण परीक्षकांना संदेश लागतो. दाव्याची भूमिका काढून टाकली, तिच्यात संदेश नव्हता.

मुलांना ते बोलता येईना. दंतपंक्तीपाशी सगळे अडखळायचे. तेव्हा मी आम्हा शिक्षकांचा नेहमीचा उपाय केला. आमच्याकडच्या स्नेहसंमेलनांत नाटकाचे संवाद आधीच मोठ्यांच्या आवाजात भरून आणतात. पेनड्राइव्ह लावला की स्पीकर बोलतो आणि मुलं हातवारे करतात. पालक शिट्ट्या मारतात. त्या रविवारी व्यापारी मी झालो, दोन्ही शेजारणींचं माझी बायको बोलली आणि म्हशीचं बोलणं माझ्या मुलीनं केलं. ती आठवीत होती, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारी. दुसऱ्यांदा भरताना ती मध्येच थांबली.

"बाबा, जिनं लिहिलंय तिला बोलता येत नाही का?"

"येतं गं. स्पष्ट येत नाही."

इतकं धडधडीत खोटं मी घरात क्वचितच बोललो असेन.

नंतरचे पंधरा दिवस आम्ही गप्प राहण्याचा सराव केला. भाषिक कौशल्यांच्या विकासासाठी मी मुलांना आवाज न काढता बोलायला शिकवलं. बाकीची पोरं पटकन शिकली. ती मुलगी मात्र स्पीकरच्या जोडीनं बोलायचीच, आणि तेही मूळचं, स्वतःचं. एकदा मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो.

"तुझा आवाज येतोय. फक्त ओठ हलव."

तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून तिचा आवाज आला नाही.

तालुक्याच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी माइकवरून ग्रामीण भागातल्या मुलांच्या शुद्ध उच्चारांचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांना स्पीकर ऐकू येत होता, पेनड्राइव्ह लावणारा मी दिसत होतो. आमच्या आधी झालेल्या दुसऱ्या शाळेच्या नाटकातला तिसरीतला शेतकरी तर पन्नाशीच्या माणसाच्या आवाजात खोकला होता. तरीही उच्चार मुलांचे. सभागृहातल्या एकाही माणसाला हे विचित्र वाटलं नाही. आम्ही शिक्षक मंडळी एकमेकांच्या खोटेपणाची फार काळजी घेतो. प्रमाणपत्र घ्यायला मंचावर मी गेलो. मुलं खाली बसली होती.

बाहेर टेम्पोपाशी त्या मुलीची आई उभी होती. दूध काढून, डेअरीत घालून, आमच्याबरोबर आली होती.

"सर, ते म्हशीचं कोण बोलत व्हतं?"

मी अभिमानानं सांगितलं की ते ध्वनिमुद्रण आहे.

"व्हय का. मला वाटलं मपली पोरगी बोलंल. ते ऐकायलाच आले व्हते."

तक्रारीचा सूर नव्हता. मी म्हणालो, ताई, पहिला नंबर आलाय आपला. त्या बरं म्हणाल्या आणि टेम्पोत चढल्या.

पुढच्या सोमवारी मराठीचा तास होता. प्रकटवाचनात त्या मुलीची पाळी आली. ती उभी राहिली, पुस्तक समोर धरलं आणि ओठ हलवू लागली. आवाज नाही. मला वाटलं चेष्टा करतेय. मोठ्यानं वाच म्हणालो, तर ओठ आणखी मोठे हलू लागले, हातही हलू लागला. पोरं हसली. मी तिला बसवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मैदानावर बोलायची, घरी बोलायची. फक्त वर्गात, माझ्यासमोर तिचा आवाज बाहेर येत नव्हता. आठवड्यानंतर मी काहीतरी मनानं लिहा म्हणालो तेव्हा ती कोरी वही घेऊन टेबलापाशी आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी हळू बोलली.

"सर, तुमी सांगा. मी लिहिते."

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी तिला सहा रंगीत पेनांचा सेट दिला. तिनं तो दप्तरात ठेवला. मग मी चॉकलेट दिलं, मग परिपाठात तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. माफी सोडून सगळं दिलं. दरम्यान आणखी एका प्रशिक्षणात मला बोलावलं आणि मी शंभरेक शिक्षकांना आमच्या म्हशीचा व्हिडिओ दाखवला, एक लाजरी मुलगी नाटकातून कशी फुलली ते सांगितलं. ती लाजरी कधीच नव्हती. टाळ्या पडल्या आणि मी त्या घेतल्या.

एप्रिलमध्ये प्रगतिपत्रकं भरायला बसलो. वर्णनात्मक नोंदीत आम्ही सगळ्यांना एकच वाक्य लिहितो, 'आत्मविश्वासाने व स्पष्ट बोलते'. हात आपोआप चालतो. तिच्या पत्रकावरही तेच लिहून मी पुढच्या पत्रकाकडे गेलो, आणि मग परत आलो. निकालानंतर ती दाखला घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार होती. तिथल्या बाई हे वाक्य वाचणार, तिला उभी करणार, आणि ती ओठ हलवणार. तिथं तिला मठ्ठ ठरवायला दोन दिवसही लागले नसते. मी ते वाक्य खोडलं. जागा रिकामी ठेवली.

निकालाच्या दिवशी वर्ग भरलेला होता आणि पालक भिंतीला टेकून उभे होते. तिची आई दाखला घ्यायला पुढे आली, मागोमाग ती. दाखला हातात देऊन मोकळा होण्याचा मोह मला शेवटपर्यंत होता. पण मी तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो होतो. मी उठून उभा राहिलो. आधी, बालकांच्या अभिव्यक्तीचा आदर, असं काहीतरी तोंडातून निघालं आणि ते ऐकून मलाच शरम वाटली. मी थांबलो. मग तिच्याकडे पाहून म्हणालो:

"तू लिहिलेलं नाटक चांगलं होतं, ते मी बिघडवलं. तुझा आवाज चांगला आहे, आणि मी तुला गप्प बसवलं. त्यात तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर, बाळा. आणि ताई, तुम्ही ऐकायला आला होता, तुम्हीही मला माफ करा."