कडूबाईचा उजवा खांदा

वाटूरच्या शिवारात पेरणीला बाई लागते ती मूठ धरायला, म्हणजे तिफणीतून बियाणं सोडायला. कासरा धरून बैल हाकायचं काम गड्याचं. असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडूनही कुणी बघितलं नव्हतं. कडूबाईनं मोडलं. नवरा गेला त्या साली, तेरावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, बैल जुंपले आणि सगळं रान पेरून काढलं. लोक बोलले. बोलणाऱ्याच्या तोंडाला हात लावता येतो का! आज बारा वर्षं झाली. तिच्याइतकं सरळ तास, म्हणजे पेरणीची ओळ, धरणारा गडी पंचक्रोशीत दाखवा, आम्ही मिशी उतरवून देऊ.

गेल्या दिवाळीनंतर ज्वारी पेरताना गुलब्या बैल बुजला. कासरा बाईच्या मनगटाला गुंडाळलेला. असा हिसका बसला, की खांद्यातून निघालेली कळ बोटांपर्यंत गेली. तरी उरलेली तासं पुरी करूनच ती घरी आली. दुसऱ्या दिवशी उजव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलवेना.

तिचा एकुलता लेक अंगद जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला. तो आठवड्याच्या सुटीला आला आणि म्हणाला, "आई, दवाखान्यात चल."

"काय करायचा दवाखाना? बैलाचा खांदा सुजल्यावर आपण काय करतो? जू काढतो. तसंच हे."

आणि तिनं तसंच केलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, हात गळ्यात बांधला आणि थेट शिवरात्रीपर्यंत हलवला नाही. तीन महिने! ठणका गेला, पण हातही गेला. वेणीला हात मागं जाईना, चोळी घालायला शेजारच्या झुंबरबाईला हाक मारावी लागे. बारा वर्षं कुणापुढं हात न पसरलेल्या बाईला हे फार लागलं. पण खरा घाव शिवरात्रीला आलेल्या अंगदनं घातला.

"आई, बैल सांभाळणं आता तुझ्यानं होत न्हाई. मी तिकडं. पोळा झाला की इकून टाकू."

कडूबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच एसटीत बसून परतूरला गेली.

तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हात धरून वर केला, तर खांदा म्हणजे गंजलेली कडी. बाईंनी कसं झालं ते विचारलं, कडूबाईनं हिसक्याची आणि बैलाचं जू काढायची गोष्ट सांगितली. बाई कुणब्याच्याच घरच्या निघाल्या.

"मावशी, बैलाचं जू काढता, ते बराबर. पण मंग त्याचे पाय बांधून ठेवता का तीन महिने? चरायला, पाण्यावर नेताच ना?"

बारा वर्षं बैल वागवले आणि एवढं कळू नये! कडूबाईला स्वतःचाच राग आला.

"पंधरा दिवस आराम बास होता," बाई म्हणाल्या. "आता रोज शेक, आन् रोज हळूहळू हलवायचा. दहा वेळा म्हणजे दहाच."

घरी येऊन हिनं दहाच्या जागी पन्नास वेळा केलं. उतावळेपणा, दुसरं काय! चार दिवस कळा सोसत पडून राहिली. मग मात्र कानाला खडा लावला. सकाळी गरम पाण्याचा शेक घ्यायचा, वाकून हात लोंबता सोडायचा आणि सावकाश डुलवायचा. मग गोठ्याच्या आढ्यावरून कासरा टाकायचा, डाव्या हातानं ओढून उजवा वर न्यायचा. शेवटी भिंतीवरून बोटं चालवत चढवायची. दुखायला लागलं, की डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून आवाज नाही. उलट हाताशीच बोलायची, "चल रे अडेलतट्टू, अजून इतभर."

"भिंतीला गुदगुल्या करून राह्यली का गं?" झुंबरबाई चिडवायची.

"हो, तुला पण करू का?"

चैत्रात हात खांद्याइतका वर आला, मग महिनाभर तिथंच अडून बसला. दुसरी बाई असती तर हातपाय गाळले असते. ही दहाचे दहा करत राहिली. पेरणी दुसऱ्याकडून करून घेतली, त्या दिवशी बांधावर बसून रडली, आणि संध्याकाळी पुन्हा भिंतीपुढं उभी. आषाढात वेणी घातली, आपल्या हातानं. अंगदला यातलं काहीच सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगद आला. परवा व्यापारी येणार, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. त्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," असं दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण त्यांच्या कानात द्यायचं, अशी आपली रीत. अंगद वाटी घ्यायला पुढं झाला.

"सर बाजूला," कडूबाई म्हणाली.

तिनं उजव्या हातात लोणी घेतलं. हात गुलब्याच्या वशिंडावरून पलीकडं गेला आणि तिकडचा खांदा चोळून परत आला. एकदा नाही, चारदा. मग तिनं भिंतीला टेकवलेलं जू दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि लेकाकडं बघितलं. हात थरथरत होते, पण वर होते.

अंगदनं तिच्या हातातलं जू घेतलं. खिशातला मोबाइल काढून व्यापाऱ्याला म्हणाला, "काका, येऊ नका. बैल इकायचे न्हाईत." मग वाटीत उरलेलं लोणी बोटांवर घेऊन तो आईचा खांदा चोळायला लागला.

"अरं, मी काय बैल हाय का?"

"बैल ऐकतेत तरी." तो तिच्या कानाशी वाकला. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. पुरण मी शिजवतो, तू फक्त बसायचं."

लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून पोळ्याला बैलांना, गड्यांना, पावण्यांना तिनं वाढलं. स्वतः जेवायची सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं. तिला पोळ्याचं आवतण कुणी दिलंच नव्हतं. नऊ महिने दुखण्यानं जिच्या तोंडून हूं निघालं नाही, ती कडूबाई तिथंच गोठ्यात बसून लेकरासारखी हमसून हमसून रडली.