मामांना वरून दिसलेलं गाव

माझ्या बायकोच्या मामांइतका जमिनीवर अवघडलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. सपाट अंगणात ते ठेचकाळत, बैलगाडीत बसले की त्यांना मळमळे, आणि सायकल शिकताना ते एकदा जे उसाच्या सरीत गेले ते गड्यांनी हाका मारीपर्यंत तिथेच बसून राहिले. वकिली शिकायला म्हणून मुंबईला गेलेला हा माणूस विमान चालवायला शिकून परत आला होता. लढाई संपल्यावर सरकारनं विकायला काढलेलं एक दोन मजली पंखांचं छोटं विमान त्यांनी घेतलं आणि स्वतः उडवत पुणतांब्याजवळच्या मळ्यात आणलं. गोठ्याला लागून पत्र्याचं छप्पर काढून ते तिथे ठेवलं. पहिल्या दिवशी बैलांनी दावी तोडली. पुढे बैलांना सवय झाली, मामींना मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

उडण्याआधी मामा उफणणीला उभ्या राहिलेल्या गड्यासारखे मूठभर भुसा हवेत सोडून वारा बघत. अंतर ते कोसांत सांगत नसत, वाटेत चघळून संपणाऱ्या सुपारीत सांगत. "नगर ना? दोन खांडं," असं म्हणून चालू लागत. पंखाचं कापड उसवलं की दाभण घेऊन स्वतः टाके घालत. सदऱ्याचं बटण मात्र मामींनी लावायचं. उडण्याबद्दल फार बोलत नसत. एकदाच मला म्हणाले, "जावईबापू, वर इंजिनापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. मग माणूस नीट बघायला लागतो."

नीट बघता बघताच त्यांना ते गाव दिसलं. एका हिवाळ्यात, उन्हं कलताना, नदीपलीकडच्या पडीक माळावर त्यांना गल्ल्या दिसल्या, घरांचे चौकोन दिसले, मधोमध चावडीएवढी मोकळी जागा दिसली. दुसऱ्या दिवशी ते होडीनं पलीकडे गेले. तिथे गुडघाभर गवत होतं आणि एक म्हातारा शेळ्या चारत होता.

"हितं गाव हुतं व्हय, बाबा?" मामांनी त्याच्याच बोलीत विचारलं.

"हुतं की. माझ्या आज्याच्या वक्ताला. पटकी आली, निम्मं मेलं, निम्मं उठून गेलं. दप्तरात बेचिराख म्हनून लिवलंय." म्हाताऱ्यानं शेळ्या वळवल्या. "आमी मधी न्हाई जात, सायेब. कडंकडंनं चारतो."

जमिनीत पुरलेल्या भिंतींवर गवत खुरटं येतं आणि तिरप्या उन्हात ते वरून ओळखू येतं, हे मला पुष्कळ वर्षांनी एका जाणत्या माणसानं सांगितलं. मामांना कारण नको होतं. ते रोज त्याच वेळी उडत आणि रोज थोडं खालून जात. मग एके दिवशी ताटावरूनच म्हणाले, "पायी गेलं की ते गाव लपतं. वरून एकदम उतरलो तर लपायला वेळ मिळणार नाही. मोठी गल्ली सरळ आहे, विमान सहज टेकेल."

मामींनी मला नगरहून बोलावून घेतलं. "तुम्ही बरोबर बसा," त्या म्हणाल्या. "वाटेल ते सांगा, पण तिथे उतरू देऊ नका." मी शाळामास्तर, मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगण्यात माझी हयात चाललेली. तरी मी हो म्हणालो.

त्या विमानात पाहुण्यानं पुढे बसायचं आणि चालवणाऱ्यानं मागे. बोलायला मध्ये एक रबरी नळी. नदी ओलांडली आणि माळ समोर आला. मी मनाशी खोटं जुळवत होतो, तेवढ्यात गाव दिसलं, आणि मी जुळवलेलं सगळं विसरलो. इतकं ते स्पष्ट होतं. कुणीतरी नुकताच केर काढून आत गेल्यासारख्या गल्ल्या. मामांनी इंजिन मंद केलं. वारा तारांमधून हलकी शीळ घालू लागला. गल्ली वर वर येत होती.

गल्लीच्या टोकाला एक बाई उभी होती. अंगण सारवलं असलं की येणाऱ्याला आपण उंबऱ्याबाहेरच थांबवतो, तसा तिनं तळवा आमच्याकडे धरला होता. ती घाबरलेली नव्हती. विमानाकडेही बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मामा, वर घ्या," मी नळीत म्हणालो. "बाई आहे."

त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. विमान गवताला चाटून वर चढलं. वळून परत आलो तेव्हा माळ मोकळा होता, आणि गवत कुठे वाकलेलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही होडीनं तिथे गेलो. बाई उभी होती तिथे घाणेरीचं जाळं माजलं होतं. मामांनी काठीनं ते बाजूला केलं, आणि खाली विहीर होती. कठडा ढासळलेला, पाणी काळं, खूप खोल. मामांनी खडा टाकला. आवाज यायला इतका वेळ लागला की मी त्यांचा दंड धरला.

मामींनी मला मुगाचे लाडू बांधून दिले. मी फार छान खोटं बोललो असं त्यांचं मत पडलं, आणि शपथा घेऊनही मला ते बदलता आलं नाही. मामा त्या वादात पडले नाहीत. त्यांनी विमान मुंबईच्या एका हौशी व्यापाऱ्याला देऊन टाकलं आणि एक गवंडी घेऊन नदीपलीकडे गेले. कधी थापी न धरलेला हा माणूस पंधरा दिवस उन्हात चुना कालवत होता. कठडा बांधून झाल्यावर शेळीवाला म्हातारा पहिल्यांदा माळाच्या मध्यापर्यंत आला आणि कठड्यावर टेकला.

मामा पुढे पुष्कळ जगले आणि पुष्कळ ठेचकाळले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा मामी आत पेज करत होत्या. मामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई होती ना?"

"होती, मामा."

"केवढी असेल?"

"मामींएवढी. हात ओले होते. कामातून उठून आल्यासारखे."

मामा माझा हात हळूच थोपटून म्हणाले, "म्हणजे घरात माणसं असणार."

मी हो म्हणालो.