बादशहाची सनद

आमच्या मुरूमच्या घरात दसऱ्याला वह्या-पुस्तकांच्या शेजारी एक कागद पूजेला मांडायचे. उर्दू अक्षरं, खाली गोल शिक्का. आज्जा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सापडलेला. घरात उर्दू कुणालाच येत नव्हतं, पण शिक्का दिसला की आमची माणसं थेट बादशहापर्यंत पोचतात. नळदुर्गचा किल्ला बांधताना आमच्या पूर्वजानं दगड वाहिले, म्हणून बादशहानं सनद दिली, असं ठरलं. कुणी ठरवलं, देव जाणे! मग दरवर्षी त्याच्यावर विभूती, कुंकू, वर फूल. मी इतिहासाचा मास्तर. तीस वर्षं वर्गात ही सनद छाती फुगवून सांगितली. ती कुणाकडनं तरी वाचून घ्यावी, एवढं मात्र सुचलं नाही. आता माझाच मला राग येतो.

आत्याचं दुखणं वेगळं होतं. ती आज्जांची धाकटी लेक, आता पंच्याहत्तरी ओलांडलेली. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंडावंदन झालं की निजामाविरुद्ध लढलेल्या गावकऱ्यांची यादी वाचतात. तिच्या वडिलांचं नाव त्यात नसतं. "अण्णा तुरुंगात जाऊन आल्ते. मग नाव का न्हाय?" दरवर्षी ती मला धारेवर धरायची. हेडमास्तर म्हणायचे, पुरावा आणा. पुरावा कुठनं आणू, कपाळ माझं!

निवृत्त झाल्यावर एका दसऱ्याला कागदावरची विभूती जरा जोरात पुसली, तर खाली छापील रेघा दिसल्या. बादशहाच्या काळात छापील रेघा? डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन दिवस झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी आत्याला सांगून, कागद पिशवीत घालून उमरग्याची एसटी पकडली. तिथं उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर माझे जुने दोस्त.

त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि हसायलाच लागले.

"सर, ये बादशा का नै, जेल का कागद है. किसी के सुटके का हुकूम है."

"कुणाच्या?"

त्यांनी नाव वाचलं. आज्जांचं! मी खुर्चीतनं उठलोच. सापडला पुरावा, तोही घरात, कुंकवाखाली! पण ते पुढं वाचत गेले तसं त्यांचं हसू ओसरलं. या कैद्यानं माफी लिहून दिली आहे. यापुढं चळवळीत पडणार नाही असं कबूल केलं आहे. बायकोचे दिवस भरलेत, घरी दुसरं मोठं माणूस नाही, म्हणून सोडण्यात येत आहे.

परतीच्या एसटीत मी नुसता चिडचिड करत होतो. पुरावा होता आणि तोच दाखवायची चोरी. आत्याला काय सांगू? वडिलांचं नाव यादीत यावं म्हणून जन्मभर भांडलेली बाई ती. गप्प बसावं, असंही वाटलं.

पण तिच्यापुढं माझं कधी काही लपलंय का?

"थोबाड का पडलंय? काय लिवलंय, सांग की."

सांगितलं. माफीचंही सांगितलं. तिनं कागद हातात घेतला.

"महिना कुठला हाय त्याच्यावर?"

मी महिना, साल सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं.

"म्हंजे पोटात मी हुते."

तिनं कागदावरनं बोट फिरवलं.

"अण्णा सारखं म्हणायचे, तुझ्यापायी घरी आलो गं मी. मला वाटायचं, लाडानं म्हणतेत." तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तीच तयार होऊन बसली. शाळेत गेलो. तिनं कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. उमरग्याच्या मास्तरांनी वाचलेलं सगळं मी सांगितलं. हेडमास्तर चांगला माणूस. म्हणाले, "आजी, तुरुंगात होते एवढं पुरे की. माफीचं कशाला सांगायचं सगळ्यांना?"

"सांगायचं," आत्या म्हणाली. "ती माफी माझी हाय."